पहिलीतल्या मुलाला किती भाषा पेलतात?

२०२५च्या उन्हाळ्यात सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरावरून महाराष्ट्रात जे रणकंदन माजले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. १६ एप्रिलला शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. ओरड झाल्यावर १७ जूनला शब्द बदलून दुसरा निर्णय काढला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर केले. या तीन महिन्यांत राजकारण भरपूर झाले. मूल भाषा शिकते तरी कसे, हा साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

एक पक्ष म्हणत होता, लहान वयात मूल भाषा चटकन उचलते, मग लवकर सुरुवात का नको? दुसरा म्हणत होता, कोवळ्या डोक्यावर तीन भाषांचे ओझे कशाला? दोघांचेही निम्मे खरे आहे. कोणते निम्मे, हे पाहायचे तर मुंबईत बसून भागत नाही, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात जावे लागते.

जतच्या पूर्व भागात, उमदी, संख या बाजूला, अनेक घरांत कन्नड बोलतात. पोर आजीशी कन्नडमध्ये भांडते, एस.टी.च्या कंडक्टरशी मराठीत बोलते आणि टीव्हीवरचा हिंदी सिनेमा पाहून त्यातले संवाद म्हणून दाखवते. त्याला तीन भाषांचे ओझे झाले आहे, असे त्याच्या आईला कधी वाटलेले नसते. दोन भाषांनी मुलाची बुद्धी गोंधळते, अशी समजूत पाश्चात्त्य देशांत एके काळी होती. १९२३ साली वेल्समधील मुलांच्या चाचण्या घेऊन सेअर या अभ्यासकाने तसाच निष्कर्ष काढला होता. पुढे १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही येणारी मुले मागे नव्हती, उलट पुढे होती. जतच्या आज्यांना हे सांगायला माँट्रियल कशाला लागते, असे कोणी विचारले तर त्यात वावगे नाही.

सांगलीला हे नवेही नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांना तसे काही मराठीत व्हावे असे वाटले आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. आपली रंगभूमी अशी शेजारच्या भाषेचे बोट धरून चालायला शिकली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण कवी झाले ते कन्नडचे, आणि १९७३चे ज्ञानपीठही त्यांना कन्नडसाठीच मिळाले.

मग ‘लवकर शिकवा’ म्हणणारे जिंकले का? तसे नाही. जतचे पोर कन्नड शिकलेले नाही, ती त्याला लागलेली आहे. तान्ह्या मुलाचा कान आरंभी सगळ्या भाषांना उघडा असतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली दाखवले की, इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आपल्याकडच्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळतो, आणि वर्षाचे होता होता तो कळेनासा होतो. जो ध्वनी कानावर पडत नाही, त्याची दखल घेणे मूल सोडून देते. म्हणजे वय महत्त्वाचे आहेच. पण त्या वयात भाषा कानावर पडली पाहिजे, तीही माणसांच्या तोंडून, काही मागण्यासाठी, रागावण्यासाठी, हसण्यासाठी.

शाळेतल्या तासाचा हिशेब करून पाहा. रोज ३५ मिनिटांचा एक तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर जेमतेम ११७ घड्याळी तास होतात. घरात मूल दिवसाचे बारा तास जागे असते. म्हणजे वर्षभराचा हा सारा अभ्यास घरच्या भाषेच्या दहा दिवसांत बसतो! शिवाय वर्गात एका शिक्षकाच्या तोंडाकडे तीस-चाळीस मुले पाहत असतात. या तुटपुंज्या वेळात भाषा ‘चटकन उचलली’ जाईल ही आशा भाबडी आहे. उलट मोठी, वाचता-लिहिता येणारी मुले तासाच्या चौकटीत अधिक वेगाने शिकतात, कारण त्यांना नियम कळतो आणि पहिल्या भाषेचा आधार घेता येतो.

याचा पडताळा आपण घेऊन बसलो आहोत. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. त्या पहिल्या तुकडीची मुले आज तिशी ओलांडून गेली. त्यांतली किती सहज इंग्रजी बोलतात, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. दोष मुलांचा नव्हता आणि मोरे यांच्या हेतूचाही नव्हता. ज्या गुरुजींनी स्वतः कधी इंग्रजीत गप्पा मारल्या नाहीत, त्यांच्याकडून आपण ती अपेक्षा केली.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. कन्नड घरातले मूल मराठी शाळेत आले की वर्ष-दोन वर्षांत मैदानावर मराठी बोलू लागते. गुरुजी समाधानाने म्हणतात, आली याला मराठी. पण ‘एका शेतकऱ्याने’ अशी सुरुवात असलेले गणित वहीत आले की तेच मूल गप्प बसते. कॅनडातील जिम कमिन्स यांनी हा भेद नीट मांडला. गप्पांची भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. मधल्या काळात मुलावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. उसाच्या फडावर आलेल्या बंजारा टोळ्यांतील गोरमाटी बोलणाऱ्या मुलांची गत तीच, आणि त्यांना तर एका जागी सात महिनेही मिळत नाहीत. फार काय, साताऱ्याच्या माणदेशातले ‘न्हाई’, ‘आमी’ म्हणणारे मराठी मूलही पाठ्यपुस्तकाची भाषा एका परीने नव्यानेच शिकत असते. त्याला पहिल्याच दिवशी ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करणारा शिक्षक त्याची मराठी सुधारत नाही, त्याचे बोलणे तेवढे बंद करतो.

आता उलटे चित्र. विटा, खानापूर, आटपाडी, तसेच माण-खटावकडची गलाई करणारी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात पिढ्यान्पिढ्या केरळपासून बंगालपर्यंत पसरली आहेत. त्यांची मुले घरात माणदेशी मराठी, गल्लीत तमिळ किंवा मल्याळम आणि शाळेत इंग्रजी, अशी वाढतात. यात्रेला गावी आली की आजोबांशी फडाफडा बोलतात. देवनागरी मात्र अनेकांना वाचता येत नाही. कानाने मिळालेली भाषा कानातच राहिली, तिला डोळे फुटले नाहीत. त्यांच्या मुलांच्या वाट्याला एवढीही येईल की नाही, याची चिंता त्या घरांतून असते. अभिजात दर्जाच्या आनंदात (तो ३ ऑक्टोबर २०२४ला मिळाला) या मुलांसाठी दोन महिन्यांचे वाचनवर्ग कोणाला सुचायला हरकत नव्हती.

म्हणून तिसरी भाषा पहिलीत नको, या मताचा मी आहे. पण मुलाला ती पेलणार नाही म्हणून नव्हे. शाळेला ती पेलणार नाही म्हणून. पहिलीच्या वर्गातला वेळ मोजका असतो. तो पहिल्या भाषेतून वाचन पक्के करण्यात गेला, तर पाचवीनंतरची हिंदी आणि इंग्रजीही सोपी जाते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची शिफारस आहे, ती याच कारणाने.

हा नियम मराठीसाठी मागायचा तर तो जतच्या कन्नड मुलालाही लावावा लागेल. तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, ही चांगली गोष्ट. पण २०२४ साली अशा शाळांवर कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याची तक्रार सीमेपलीकडून झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आपण खवळलो होतो. त्या गावांतल्या पहिलीच्या वर्गावर कन्नड जाणणारा, आणि मराठीही प्रेमाने शिकवील असा शिक्षक पाठवायला मात्र ना आंदोलन लागते, ना समिती. बदल्यांच्या यादीत जिल्हा परिषदेने भाषेचा एक रकाना वाढवला तरी पुरे.