पंपघरातले नोंदयंत्र सभासदांचे आहे



उपसा जलसिंचन संस्थेची सभा म्हटली की दोन प्रश्न ठरलेले. विजेचे बिल एवढे आले कसे? आणि एवढे बिल भरूनही शेवटच्या टोकाच्या उसाला पाणी का पोचले नाही? ऑपरेटर वही पुढे करतो, वहीवर कुणाचा भरवसा नसतो, आणि भांडण पुढच्या सभेवर जाते.

यावर उपाय म्हणून पंपघरात डेटा लॉगर बसवता येतो. साध्या मीटरवर एकूण युनिट कळतात. हे नोंदयंत्र मात्र दर काही मिनिटांनी तिन्ही फेजचे व्होल्टेज, अँपिअर आणि युनिट वेळेसकट लिहून ठेवते. ५० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला चाळीसेक युनिट खाते. तेव्हा ती किती तास चालली, हे अंदाजाने सांगून चालायचे नाही. अँपिअर नेहमीपेक्षा उतरले तर फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली असेल. व्होल्टेज ठीक असून अँपिअर चढले तर पाइपलाइन फुटली का, बेअरिंग धरले का, ते बघावे. एक फेज पडत असेल तर तेही नोंदीत दिसते. मात्र हे यंत्र पाणी मोजत नाही. टोकाला पाणी गेले का, हे पाळीपत्रक आणि व्हॉल्व्ह पाहूनच ठरवावे लागेल.

काही जण याला ऑपरेटरवरचा पहारा समजतात. आम्हाला हे पटत नाही. वीज नव्हती की माणूस नव्हता, हे यंत्र सांगते. म्हणजे प्रामाणिक ऑपरेटरचा तो साक्षीदारच झाला. पण नोंद कुणा एकाच्या कपाटात राहिली तर यंत्र असून नसल्यासारखे. दरमहा तास आणि युनिट फलकावर लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता जपणुकीचे. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पेटी पूररेषेच्या वरच बसवावी. अर्थिंग चांगले करावे, विजेच्या लाटेपासून बचावाचे साधन आणि वेगळा फ्यूज द्यावा. उंदीर, पाल, मुंग्या शिरतील अशी भोके बुजवावीत. करंट ट्रान्सफॉर्मरची तार मोटर चालू असताना कधीही सोडू नये. तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते. हे काम जाणत्या वायरमननेच करावे. यंत्राचे घड्याळ महिन्याला मिळवावे, कारण वेळ चुकली की नोंद फुकट गेली. आणि नोंदीची एक प्रत संस्थेच्या संगणकावर उतरवून ठेवावी.

उसाची गाडी काट्यावरून उतरली की वजनाची पावती पाहिल्याशिवाय आपण पुढे जात नाही. मग विजेचाच हिशेब का ऐकीव ठेवायचा? येत्या सभेत प्रत्येकाने आपल्या संस्थेची नोंद मागावी, एवढीच विनंती.