नव्या इंजिनाची उमेदवारी

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझ्या मामांचे गॅरेज आहे, आणि नवे इंजिन कसे चालवावे या प्रश्नावर तेथे जेवढे वाद मी ऐकले, तेवढे आमच्या वक्तृत्व स्पर्धेतही ऐकले नाहीत. मामांकडे जीपा, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली येतात. जर्मनी-अमेरिकेतली स्पोर्ट्स कार तिकडे कधी फिरकलेली नाही. तरी प्रश्न तोच आहे. गॅरेजात बोअर करून नव्या रिंगा घातलेले इंजिन असो की कारखान्यातून आलेले कोरे इंजिन असो, सुरुवातीला उमेदवारी दोघांनाही करावी लागते.

ही उमेदवारी कसली, ते आधी सांगते. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल असे आपल्याला वाटते. तशी ती नसते. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, म्हणजे त्यांत ऑइल धरून राहते. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासतात, दोन्हींवरचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला नेमकी बसते. ती बसली नाही तर जळता वायू खाली निसटतो, ऑइल वर येऊन जळते आणि इंजिनाची ताकद घटते. आता रिंगेला भिंतीवर दाबून धरण्याचे बरेचसे काम वायूचा दाबच करतो. मग इंजिनावर भारच टाकला नाही, तर रिंग बसायची कशी?

येथे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नव्या गाडीला फुलासारखे जपा. दुसरा म्हणतो, पहिल्या दिवसापासून दामटा. मला दोघेही अर्धेच बरोबर वाटतात. एकाच मंद वेगाने तासन्‌तास चालवले तर रिंगा बसण्याआधीच भिंतीवर काचेसारखा थर चढण्याची भीती असते. उलट थंड इंजिन ताणले तर न रुळलेले भाग जास्त तापतात आणि भिंतीवर ओरखडे उठू शकतात. मामांचे सूत्र सोपे आहे : "नवं इंजिन पळवायचं नाही आणि झोपवायचंही नाही." ऑइल तापू द्यावे, वेग सतत कमीजास्त करावा, मध्यम भार द्यावा आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटू देऊ नये.

मोठमोठे कारखानदारही फारसे वेगळे सांगत नाहीत. पोर्शे ९११ च्या अलीकडच्या पुस्तिकांत पहिले सुमारे ३,००० किलोमीटर मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आत राहण्याची सूचना असते. आणि हे इंजिन तर साडेसात हजारांच्या आसपास जाऊ शकते! बीएमडब्ल्यूच्या 'एम' गाड्यांचे ऑइल २,००० किलोमीटरला बदलून घ्यायचे असते. पहिल्या घासणीतला धातूचा चुरा त्या ऑइलबरोबर बाहेर पडतो.

यावर कोणी म्हणेल, आजची यंत्रे इतकी अचूक कातून येतात की हे सारे जुने सोवळे आहे. घडाई सुधारली आणि रिंगा आता लवकर बसतात, हे मला मान्य आहे. पण गाडी म्हणजे नुसत्या रिंगा नव्हेत. गिअरची चाके, बेअरिंगे आणि ब्रेक यांनाही रुळावे लागते. नवे टायरसुद्धा पहिले शंभर-दोनशे किलोमीटर रस्ता पुरता धरत नाहीत. आणि चालवणारा? तोही त्या गाडीला नवाच असतो.

म्हणूनच एका सुधारणेबद्दल माझे मन साशंक आहे. अमेरिकेत केंटकीतल्या बोलिंग ग्रीन येथे तयार होणाऱ्या आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये पहिले सुमारे ८०० किलोमीटर संगणकच पहिल्या दोन गिअरमधली ताकद कमी ठेवतो. यंत्राच्या दृष्टीने ही सोय चांगलीच आहे. पण ज्या मालकाला थांबावेच लागते, तो थांबायला शिकला असे कसे म्हणावे? त्या ८०० किलोमीटरांत इंजिनाचा आवाज ओळखायचा असतो आणि आपल्या पायाचे वजनही समजायचे असते. ते काम संगणक आपल्यासाठी करून देत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. अशा गाडीचा पहिला मालक क्वचितच शेवटचा असतो. त्याने सुरुवातीला केलेल्या हयगयीची खूण त्याला स्वतःला दिसतच नाही. धूर दिसतो तो पुढच्या मालकाला. पोर्शेचा संगणक इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची नोंद ठेवतो आणि जुनी गाडी घेणारे जाणकार ती मागून पाहतात. पण उमेदवारीच्या काळात मालकाने कितपत संयम पाळला, हे त्या नोंदीतून कळत नाही. तेथे त्याच्या सचोटीवरच विसंबावे लागते.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला स्पोर्ट्स कार येईल. पण नवी मोटारसायकल पुष्कळांच्या दारात येईल, आणि तिचेही इंजिन याच रीतीने बसते. तेव्हा मित्रहो, हार घालून पेढे वाटून झाले की तिची पुस्तिका एकदा उघडून वाचा. गाडी विकताना तुम्हाला घेणाऱ्याच्या नजरेला नजर देता येईल.