कातडं कोणी कमावलं?

मित्रांनो,

हे भांडण आहे. गोड बोलून सांगता आलं असतं, पण मले ते जमत नाही.

परवा आपल्या गोंडपिपरीत, विहारात चादर बांधून अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' पाहिला. १९५४ चा सिनेमा, साडेतीन तासांचा, काळापांढरा. मी राईस मिलमधून पाळी करून तसाच आलो होतो, अंगावर कोंडा. वाटलं, झोप लागेल. नाही लागली. पण सिनेमा संपल्यावर तुमचं जे बोलणं ऐकलं त्यानं रातभर झोप आली नाही.

एक म्हणाला, "याले म्हणते लढवय्ये!" दुसरा म्हणाला, "आपनही मूळचे सामुराईच हाओ." तिसऱ्यानं तर ठरवूनच टाकलं. १६ ऑक्टोबरले चांद्याच्या दीक्षाभूमीवर जाताना आपल्या फलकावर तलवारवाला सामुराई काढायचा. जपान बुद्धाचा देश, म्हणून चालते म्हणे. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही.

अरे, सिनेमा तरी नीट पाहिला का? जव कापला की दरोडेखोर येणार, म्हणून शेतकरी रोनिन आणतात. रोनिन म्हणजे धनी नसलेला सामुराई. मजुरी काय? पोटभर भात. तो भात त्यांना घालून शेतकरी स्वतः भरड धान्य खातात. मले तिथं माझी मिल दिसली. पोतं आमच्या पाठीवर, तांदूळ दुसऱ्याच्या ताटात, आमच्या घरी कनकी. तुम्ही तलवार पाहत होते, मी ताट पाहत होतो.

किकुचियोवर तुम्ही पोट धरून हसले. तोशिरो मिफुनेनं केलेला तो. सामुराई असल्याचा पुरावा म्हणून दुसऱ्याचीच वंशावळ दाखवतो, अन् तिच्यावरून त्याचं वय निघते तेरा! तो शेतकऱ्याचा पोरगा. पण पुढे गावात लपवलेली चिलखतं सापडतात, मारलेल्या सामुराईंची. सामुराई संतापतात. तेव्हा हाच माणूस त्यांना तोंडावर सुनावतो, की शेतकरी लबाड असतील, पण त्यांना लबाड केलं तुम्ही. गावं जाळली तुम्ही, बाया नासवल्या तुम्ही. सबंध सिनेमात खरं बोलणारा तो एक. अन् आपण काय शिकलो? त्याचं बोलणं सोडलं, त्याची खोटी वंशावळ तेवढी उचलली. "आपन मूळचे सामुराई!"

१९७५ साली याच सिनेमाच्या आधारानं 'शोले' निघाला. त्यात किकुचियो गायब. गाव वाचवणारा कोण? ठाकूर. आपल्या बापांनी त्याच ठाकुरासाठी शिट्ट्या वाजवल्या.

आता जे पडद्यावर नाही ते सांगतो. सामुराईच्या चिलखताले कातडं लागे, घोड्याच्या खोगिराले कातडं लागे. ते कमावलं कोणी? मेली ढोरं सोलणाऱ्यांनी. लढाया होत्या तोवर सरदारांना ते हवे होते. तोकुगावा राजवटीत त्यांच्यावर 'एता' म्हणून पिढीजात विटाळाचा शिक्का बसला, त्यांच्या वस्त्या वेगळ्या पडल्या. आणखी एक वर्ग होता, 'हिनिन'. अर्थ काय माहीत आहे? माणूस नसलेला. साडेतीन तासांत त्यांची वस्ती कुठं दिसली? आपला वाडा तिथं होता, मित्रांनो. सामुराईच्या कमरेला नव्हता.

१८७१ साली कायद्यानं हा भेद मोडला. कागदावर. १९७५ साली, म्हणजे आपल्याकडे 'शोले' लागला त्याच साली, तिथं उघड झालं की या बुराकू वस्त्यांच्या नावांची यादी छापून कंपन्यांना चोरून विकली जात होती. नोकरी मागणाऱ्याचा पत्ता ताडून पाहायला. आपल्याला नाही का विचारत, "गाव कोणतं? आडनाव काय?"

अन् बुद्धाचा देश? जपानचं ऋण मी नाकारत नाही. भदंत सुरई ससाई तिथूनच आले, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीनं उभं राहिलं. पण त्याच देशात कित्येक बौद्ध मंदिरांनी बुराकू माणसांना मेल्यावर जी धर्मनामं दिली, त्यांत 'जनावर' अशा अर्थाची अक्षरं घातली. ती थडग्यांवर कोरली. १५८८ साली हिदेयोशीनं शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त केल्या, तेव्हा सांगितलं काय? हे लोखंड बुद्धाच्या मूर्तीच्या कामी लागेल! हा हिदेयोशी स्वतः शेतकऱ्याच्या घरातून वर चढलेला. वर गेला अन् शिडी ओढून घेतली. असे हिदेयोशी आपल्यातही आहेत. नावं घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत.

तुम्ही म्हणाल, मग कोरेगावचं काय? १८१८ चे ते आपले लोक शिपाई होते. त्यांच्या हाती शस्त्र होतं, पण त्या शस्त्रानं त्यांची जात वर गेली नव्हती. शस्त्र घेणं वेगळं अन् शस्त्रावर जात मिरवणं वेगळं. शस्त्र अन् विद्या हिरावली म्हणून खालच्यांना बंड करता आलं नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. सामुराई म्हणजे ते हिरावणारी जात. तिचं चित्र आपण खांद्यावर घ्यायचं?

जपानमधून घ्यायचंच तर सुइहेइशा घ्या. ३ मार्च १९२२ ला क्योतोत बुराकू लोकांनी स्वतः उभारलेली संघटना. 'सुइहेइ' म्हणजे सपाट, पाण्याच्या पातळीसारखं. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यात ओंजळ बुडवली. त्यांचंही पाणी, आपलंही पाणी. फलकावर ती ओंजळ काढा.

दरवर्षी फलकाचा एक बांबू मी धरतो. तलवार निघाली तर या वर्षी धरणार नाही. तो बांबू कोणी धरायचा ते आत्ताच ठरवा, नाहीतर या रविवारी विहारात येऊन मले खोटं पाडा.

जय भीम.