बाग निवडताना नाकालाही विचारा

सोसायटीच्या बाग समितीत यंदाही तीच यादी फिरली : सोनेरी ड्युरांटा, ॲकॅलिफा, फॉक्सटेल पाम आणि हिवाळ्यासाठी पिटुनिया. सगळं नीटनेटकं, फोटोत छान दिसणारं. पण वास म्हणावा असा कशालाच नाही. मी पारिजातक सुचवला, तर एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘रोज सकाळी त्याचा कचरा कोण झाडणार?’’ फुलांच्या सड्याला कचरा म्हणणाऱ्यांशी काय वाद घालायचा! तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पुण्यात घरापुढे चार हात माती मिळाली, तर तिच्यावर पहिला हक्क वासाच्या झाडांचा.

फुलझाड घेताना आपण रंग बघतो. बघायला हवी ती वेळ. रात्री उमलणारी बहुतेक फुलं पांढरी किंवा फिकट आणि भरपूर वासाची असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे अंधारात हिंडणारे पतंग. नोकरी करणारी माणसंही घरी पोचतात ती दिवेलागणीनंतरच. मग दिवसा मिरवून संध्याकाळी मिटणारी फुलं लावायची कुणासाठी?

माझी पहिली पसंती मोगऱ्याला. त्याची कळी संध्याकाळी उमलते आणि ऐन उन्हाळ्यात, माणूस घामाने वैतागलेला असताना, घर शांत करते. पण मोगरा लाडावलेला चालत नाही. त्याला निदान पाच-सहा तास कडक ऊन लागतं; सावलीत नुसती पानं येतात. फूल नव्या फुटीवर धरतं, म्हणून थंडीत पाणी तोडायचं, जानेवारीच्या सुमारास धीटपणे छाटायचं आणि शेणखत द्यायचं. ‘मोगरा फुलत नाही’ म्हणून रडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कात्री कधी लावलेलीच नसते.

पावसाळा जाईजुईचा. त्यांना मांडव द्या, खिडकीची जाळी द्या, काहीही द्या, पण चढू द्या. ऑगस्टपासून पारिजातक सुरू होतो. त्याला बाल्कनीत कोंडू नये. अंगणाच्या कोपऱ्यात, पहाटे पाय पडणार नाही अशा जागी लावावा.

सोनचाफा घ्याल तर कलमच घ्या. बियांचं रोप फुलायला कित्येक वर्षं लावतं. कलम वर्षा-दोन वर्षांत, ड्रममध्येसुद्धा फुलतं. पाणी त्याला भरपूर हवं, पण मुळाशी साचलेलं चालत नाही. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांच्या मते सोनचाफा दाराशी नसेल तर ते घर भाड्याचं. हे जरा जास्तच झालं, पण मी त्यांच्याच बाजूची.

अनंताबद्दल मात्र पुणेकरांना सावध करते. त्याला किंचित आंबट माती हवी. आपल्या बोअरच्या जड पाण्यावर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पालापाचोळ्याचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी आणि अधूनमधून चिमूटभर हिराकस, एवढी उठाठेव करायची तयारी असेल तरच तो आणा. निशिगंध त्या मानाने गुणी : कंद एकदा लावला की वर्षानुवर्षं टिकतो. फक्त एकेरी पाकळीचा मागा. दुहेरी दिसायला भरगच्च, पण वासात मागे.

आणि रातराणी? हवी, पण निजायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. तिचा वास चार घरं ओलांडून यायला हवा. उशाशी आला की डोकं धरतं. ती विषारीही आहे, लहान मुलं आणि मांजरं-कुत्री असलेल्यांनी विचार करून लावावी. बुचाच्या वासाने पुण्यातले कितीतरी रस्ते दिवाळीच्या सुमारास भरून जातात. ते झाड मला फार आवडतं, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. घराला किंवा गाडीला चिकटून लावू नये.

पैशाचंही बोलते. पिटुनिया दरवर्षी विकत आणायची आणि उन्हं तापली की उपटून फेकायची. मोगरा, चाफा, पारिजातक एकदाच आणायचे. नीट सांभाळले तर नातवंडांनाही फुलं मिळतात.

या पावसाळ्यात रोपं आणायला जाल, तेव्हा सकाळी न जाता संध्याकाळी जा. फूल आलेलंच रोप मागा आणि वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.