दीड पुस्तकाचा जानेवारी

१ जानेवारीला डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं : महिन्याला चार पुस्तकं. ३१ तारखेच्या रात्री हिशेब मांडला, तर बेरीज दीड भरली. त्यातलं जे पुरं ‘एक’, तेही कपाटातून मुद्दाम हुडकून काढलेलं, ऐंशी पानी. त्या संकल्पाची गोम इथंच आहे. आकडा ठरला की हात आपोआप सडपातळ पुस्तकाकडे जातो. भाच्यानं पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं आणलेले तीन दिवाळी अंक अजून सुतळीतच आहेत. दिवाळी अंक पुस्तकांत धरायचे की नाही, यावर मी स्वतःशी दोन दिवस वाद घातला. वाचले मात्र नाहीत.

आकड्यांवरून आठवलं : मी राहतो त्या रायपुरातच माधवराव सप्रे राहिले आणि १९२६ साली इथंच वारले. मराठी घरातल्या या माणसानं १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे समर्थांचा ‘दासबोध’ व टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीनं लिहून काढलेला हा ग्रंथ १९१५ साली छापून आला. सप्र्यांनी त्यातली ओळ न् ओळ किती वेळा उलटसुलट केली असेल! माझ्या डायरीत त्या साऱ्या खटाटोपापुढे आकडा पडला असता एक. महिन्याला चारच्या हिशेबानं सप्रे नापास.

आता उरलेल्या अर्ध्याची गोष्ट. ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. जानेवारीत आमच्या एकवीस झाल्या. ‘आमच्या’ म्हणायचं कारण, वाचत होती चौथीतली नात. तिच्या शाळेत मराठी नाही. पण हिंदीमुळे देवनागरी येते, त्यामुळे आमच्या चौबे कॉलनीतली सगळीच मराठी घरं मोठ्या विश्वासानं सांगतात, ‘वाचता येतं हो तिला.’ येतं, पण ‘शाळा’ आली की ती ‘शाला’ वाचते. तिचाही दोष नाही, इथल्या सरकारी पाटीवर ‘प्राथमिक शाला’ असंच लिहिलेलं असतं. ‘चमचा’ ती ‘चहा’तल्या च-नं वाचते. एका रात्री कुणीतरी डोळे मिटले. हिनं वाचलं ‘डोले मिटले’ आणि थांबली. मी म्हटलं, डोळे. “अच्छा, डोळे! असे लिहितात होय?” रोज कानावर पडणारा शब्द कागदावर पहिल्यांदा भेटला होता. मग पुढचा प्रश्न : “पण आजोबा, मिटले कसे? रबरनं?” हिंदीत मिटतं ते पुसलं जातं. त्या एका ओळीला पाव तास गेला आणि त्या रात्री आम्ही पुढे गेलोच नाही. महिनाभरातलं माझं सगळ्यांत चांगलं वाचन हेच, आणि डायरीत त्याला रकाना नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. महाराष्ट्र मंडळ कॉलनीतच आहे. तिथं २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होईल, भाषणं होतील. मीही जाईन, नंतरच्या बटाटेवड्यासाठी तर नक्कीच. पण श्रोत्यांमध्ये साठीच्या आतले किती, हे दरवर्षी मान वळवून पाहायची मला वाईट सवय आहे. ज्यांच्यासाठी भाषण, ती पिढी त्या वेळी ट्यूशनला असते. गौरवाची भाषणं अर्ध्यावर आणा आणि मुलांच्या हाती पुस्तक देऊन त्यांना मंचावर वाचू द्या. अडखळतील, लोक हसतील, हसू द्यात. ‘ळ’ भाषणानं येत नाही.

फेब्रुवारीसाठी ‘चार’वर काट मारली आणि खाली नवं लिहिलं : रोज एक पान, मोठ्यानं. शाई वाळायच्या आत नातीनं डायरीत डोकावून पहिले तीन शब्द वाचले आणि थेट स्वयंपाकघरात गेली. आतून आवाज आला, “आजी, आजोबा आता रोज पान खाणार!”