कुलूप आमचे, किल्ली कोणाची?

"ज्याने काही वावगे केलेले नाही, त्याने लपवायचे कशाला?" हा प्रश्न सत्ताधारी नेहमीच विचारतात. दुर्दैवाने आपल्यातले काही शिकलेले लोकही तोच प्रश्न विचारू लागले आहेत. त्यांना आमचा उलट सवाल आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय वावगे केले होते? १९६३ साली अमेरिकेचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी किंग यांचे टेलिफोन चोरून ऐकण्याची परवानगी एफबीआयला दिली. ते ज्या हॉटेलांत उतरत, तिथल्या खोल्यांतही यंत्रे बसवली गेली. १९६४ साली याच एफबीआयने त्यांना ध्वनिफितीसह निनावी पत्र पाठवून बदनामीची धमकी दिली. कृष्णवर्णीयांसाठी माणुसकीचे हक्क मागितले, एवढाच त्यांचा 'गुन्हा'!

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, खाजगीपणा ही श्रीमंतांची चैन नव्हे. व्यवस्थेविरुद्ध बोलू पाहणाऱ्या माणसाची ती ढाल आहे. संगणकाच्या युगात ही ढाल ज्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिली, त्यांचा लढा चळवळीतल्या तरुणांना ठाऊक असला पाहिजे.

मजकूर इतरांना कळू नये अशा रीतीने लिहिण्याची विद्या म्हणजे कूटलेखन, आजच्या भाषेत क्रिप्टोग्राफी. ही विद्या दीर्घकाळ राजे, लष्कर आणि हेरखाती यांच्याच मुठीत होती. या मक्तेदारीला पहिला मोठा तडा १९७६ साली गेला. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक नवी रीत उघडपणे छापून मांडली. तोवर निरोप पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे एकच गुप्त किल्ली लागे. नव्या रीतीत कुलूप साऱ्या जगाला वाटायचे आणि किल्ली मात्र स्वतःच्या कनवटीला ठेवायची. कुणीही आपल्यासाठी निरोप बंद करू शकतो, उघडणारे आपण एकटेच!

पण छापलेले ज्ञान आपोआप जनतेपर्यंत पोचत नाही. ते पोचवणारे कार्यकर्ते लागतात. अण्वस्त्रविरोधी चळवळीत काम केलेल्या फिल झिमरमन यांनी १९९१ साली 'पीजीपी' नावाची आज्ञावली लिहिली आणि फुकट वाटली. त्या वेळी अमेरिकेचा निर्यात कायदा भक्कम कूटलेखनाला युद्धसामग्री मानत होता. आज्ञावली देशाबाहेर गेल्याचे निमित्त करून १९९३ पासून झिमरमन यांची चौकशी सुरू झाली. ते डगमगले नाहीत. १९९५ साली या आज्ञावलीचा संपूर्ण मजकूर एमआयटी प्रेसने चक्क पुस्तकरूपाने छापला. कारण संगणकाची फाईल अडवता येत होती, पण छापील पुस्तक अडवणे सरकारला जड होते. अखेर जानेवारी १९९६ मध्ये एकही आरोप न ठेवता चौकशी गुंडाळावी लागली.

याच सुमारास, १९९२ साली, सॅन फ्रान्सिस्को परिसरात एरिक ह्यूज, टिमोथी मे आणि जॉन गिलमोर यांच्या पुढाकाराने एक गट जमला. ज्यूड मिल्हन या बाईंनी त्यांना 'सायफरपंक' हे नाव दिले. सरकार किंवा कंपन्या दयेपोटी आपला खाजगीपणा जपतील या भ्रमात राहू नका, तो जपणारी साधने स्वतः बनवा, असे ह्यूज यांनी १९९३ च्या जाहीरनाम्यात बजावले. त्याच वर्षी क्लिंटन सरकारने 'क्लिपर चिप' पुढे आणली. टेलिफोनवरचे बोलणे कुलूपबंद राहील, पण प्रत्येक कुलपाची जादा किल्ली दोन सरकारी खात्यांकडे अर्धी-अर्धी ठेवली जाईल, अशी ही योजना. या लोकांनी त्याविरुद्ध रान उठवले. १९९४ साली मॅट ब्लेझ या संशोधकाने त्या चिपमधली उणीव जगासमोर मांडली आणि योजना बारगळली. दुसरीकडे डॅनियल बर्नस्टाईन या विद्यार्थ्याने सरकारला कोर्टात खेचले. आज्ञावली हेसुद्धा भाषणच आहे, असे न्यायमूर्ती मेरिलिन पटेल यांनी १९९६ साली मान्य केले. २००० साली निर्यातीचे निर्बंध बरेच सैल झाले. आज व्हॉट्सअॅपवरचे आपले निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, त्यामागे ही सारी झुंज आहे.

तरीही या मंडळींचे सगळेच आम्हाला मान्य नाही. टिमोथी मे यांना तर सरकार नावाची वस्तूच निकामी करायची होती. ज्यांच्या गाठीला पैसा आहे, त्यांना हे स्वप्न परवडते. संविधानाच्या बळावर ज्यांना शाळेचा दरवाजा उघडला, त्यांच्यासाठी शासन संपणे म्हणजे पुन्हा धनदांडग्यांच्या ताब्यात जाणे होय. शिवाय गणिताचे कुलूप निरोपाला वाटेत जपते, फोन किंवा लॅपटॉपमध्येच चोर शिरला तर ते काय करणार? एल्गार परिषद प्रकरणातील एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसून कागदपत्रे पेरली गेली, असा अहवाल अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण असे घडू शकते, एवढे कळले तरी कार्यकर्त्याने सावध व्हायला हवे.

म्हणून कुलपाबरोबर कायदाही हवा. हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी माणसाचे घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण देणारा मूलभूत हक्क सुचवला. हे संरक्षण आणि पत्रव्यवहाराची गुप्तता मूलभूत हक्कांच्या यादीत घालण्याचा विचार संविधान सभेच्या उपसमितीत झाला, पण पुढे ही कलमे गळली. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हे तर वरच्या वर्गाचे चोचले, गरिबाला त्याचे काय, हा युक्तिवादही तिथे झाला आणि न्यायालयाने तो फेटाळला!

पण लढाई संपलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कुलूप उघडून मागू शकते. २०२१ च्या नियमांनी तर मोठ्या कंपन्यांवर निरोपाचा मूळ कर्ता शोधून देण्याची सक्ती आणली. त्याला व्हॉट्सअॅपने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. कंपनी आपल्या धंद्यासाठी लढते, आपल्या हक्कासाठी आपणच उभे राहिले पाहिजे. आपल्या संगणक शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीवस्तीत कार्यकर्त्यांना ही साधने शिकवावीत, आपल्या वकिलांनी हे कायदे कोर्टात तपासून घ्यावेत. किल्ली एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की ती परत मिळवणे सोपे नसते.