जीर्णोद्धार नको, डागडुजी करा

परवा ओहायोहून भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. फोटो बंदुकीचे. आमच्या हिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "अगंबाई, किती चकचकीत केली हो!" घरच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी एकट्याने अंगठा दाखवला नाही. (दाखवला असता तर तो वेगळ्या अर्थाने!) "काय मामा, आवडली नाही का?" असं भाच्याने विचारलं. त्याचं उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. भाचेबुवा वाचतीलच.

बंदूक म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. ली-एन्फिल्ड घराण्यातली, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, वजन चार किलोच्या आसपास. बंगालमध्ये हुगळीच्या काठी इशापूरला रायफलींचा कारखाना आहे, तिथे १९४२ साली घडलेली. बोल्टच्या मागे उजव्या अंगाला पोलादी भागावर मुकुट आणि त्याखाली 'जी.आर.आय.' अशी राजाची अक्षरं. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन तिथे अशोकाचे सिंह आले. सैन्याने ही जात पुढे पोलिसांकडे आणि एनसीसीकडे सोपवली. २००८ मध्ये २६ नोव्हेंबरच्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात होती ती हीच. जुन्या मालाच्या लिलावातून अशा पुष्कळ रायफली परदेशी गेल्या आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी स्वस्तात घेतल्या. भाच्याने तिथल्या एका प्रदर्शनात घेतली, तिथल्या कायद्याप्रमाणे घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. (इथे कोणी विचारायच्या आधीच सांगतो : १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली थ्री नॉट थ्री आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येते. तुम्हाआम्हाला ती मिळत नाही, आणि ते ठीकच आहे.)

तक्रार आहे ती पुढच्या उद्योगाची. तीन शनिवार-रविवार त्याने ही रायफल गॅरेजमध्ये पॉलिश पेपरने घासली. आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. लाकूड पिवळं-पांढरं दिसेपर्यंत. मग रंग, त्यावर चकाकीचं वार्निश, असे पाच हात. पितळी बटप्लेट आरशासारखी. आता ती हॉटेलच्या भिंतीवर टांगायच्या लायकीची झाली आहे.

आपल्याकडे हे मी गावोगाव पाहिलं आहे. काळ्या पाषाणाचं सातआठशे वर्षांचं देऊळ असतं. गावात पैसा येतो, जीर्णोद्धार समिती स्थापन होते. आधी खांबांना ऑइलपेंट, मग सभामंडपाला बाथरूमच्या फरशा, मग शिखराला गुलाबी-पिवळा रंग. उद्घाटनाच्या पाटीवर देणगीदारांची नावं दगडाच्या नावापेक्षा मोठी. मराठीत 'डागडुजी' असा फार सुंदर शब्द आहे. पडत असेल ते सावरायचं, गळत असेल ते बुजवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. तो शब्द आपण टाकून दिला आणि 'जीर्णोद्धार' डोक्यावर घेतला. भाच्याने ओहायोत बसून जीर्णोद्धारच केला आहे.

हे लिहायचा मला अधिकार काय? तर मी हेच पाप केलं आहे म्हणून.

मी शाळेत एनसीसीचा अधिकारी होतो. आमच्याकडे कवायतीच्या वीस रायफली होत्या, नळीला भोक पाडून निकामी केलेल्या, ज्यांना डीपी म्हणतात त्या. १९८४ साली वार्षिक तपासणी होती. मोठे साहेब येणार. मला हुशारी सुचली. गावातल्या सुताराला बोलावलं आणि वीसच्या वीस दस्ते तासून, घासून, वार्निश लावून घेतले. शाळेच्या बाकांचं वार्निश उरलंच होतं! रायफली लग्नातल्या करवल्यांसारख्या दिसायला लागल्या. आमचे हवालदार साताऱ्याकडचे होते, मितभाषी. त्यांनी एक रायफल उचलली, दस्त्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "सर, घामानं हे असं व्हायला चाळीस वर्षं लागतात. वार्निश काय, दोन दिवसांत होतं." बस्स, एवढंच. मी मनात म्हटलं, यांना सौंदर्यदृष्टी नाही.

दुसऱ्या दिवशी परेडला गोंधळ. पोरांना आपापली रायफल ओळखू येईना. नंबर आम्ही पुन्हा रंगवले होते, पण पोरं नंबरावरून ओळखतच नव्हती. कोणाची ती खपली उडालेली, कोणाची ती भेग असलेली, कोणाची ती आधीच्या कोणीतरी दाताने चावल्यासारखी. वार्निशमुळे उन्हात हात घसरायला लागले ते वेगळंच. 'बाजू शस्त्र' करताना दोन रायफली खाली पडल्या, साहेबांच्या देखत.

आता भाच्याचा युक्तिवाद, कारण तो वकिली करण्यात आईवर गेला आहे. तो म्हणतो, "मामा, सैन्यसुद्धा लाकूड बदलायचं, दुरुस्ती करायचं. मग मी केलं तर काय बिघडलं?" मुद्दा बिनतोड वाटतो. पण सैन्याची दुरुस्ती कशी असायची ते बघ बाबा. फुटलेल्या लाकडात तेवढाच तुकडा कोरून बसवायचे, ठिगळ सरळ दिसायचं. कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झालेल्या कित्येक ली-एन्फिल्डवर 'एफ.टी.आर.' अशी अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. म्हणजे दुरुस्ती केली आणि केल्याची कबुलीही दिली. तू काय केलंस? काहीच झालं नव्हतं असं दाखवलंस.

दुसरं म्हणजे, घासल्याने लाकूड धातूच्या पातळीखाली जातं. जिथे लाकूड आणि पोलाद नखही शिरणार नाही असे एकमेकांना भिडलेले होते, तिथे आता पायरी दिसते. ते लाकूड शोभेचं नसतं, नळी स्थिर राहायला त्याची घट्ट मिठी लागते. आणि खरे जाणकार अशी घासलेली रायफल कमी किमतीला मागतात. (व्यवहाराची भाषा तुला लवकर कळते म्हणून हेही सांगितलं.)

मग गंजू द्यायची काय? नाही. गंजाला मी परंपरा म्हणत नाही. गंज दिसला तर तेल लावून अगदी मऊ पोलादी लोकरीने हलकेच काढावा. चिकट मळ कापडाने आणि स्पिरिटने निघतो. दबलेल्या जागेवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की वाफेने लाकूड फुगून वर येतं. मग अळशीचं तेल, तळहाताने, थोडं थोडं, दिवसाआड. सैन्यातही हेच तेल होतं. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवावीत. यात 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत विशेष फरक दिसत नाही, टाळ्या मिळत नाहीत. अडचण तीच आहे!

आणि जे आधी करायचं ते राहिलंच. मी विचारलं, बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का? तर "बघतो" म्हणाला. तीन आठवडे लाकूड घासणाऱ्याने हे पाहिलं नव्हतं. या रायफलीत बोल्ट ज्याचा त्याला जुळवलेला असतो. लिलावाच्या ढिगाऱ्यात ते अदलाबदल होतात, आणि काडतुसामागची जागा प्रमाणाबाहेर गेली तर गोळी झाडताना काडतूस फाटू शकतं. ते मोजणं हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. जुन्या लष्करी काडतुसांनी नळी आतून गंजते म्हणून सैनिक गोळीबारानंतर तिच्यात उकळतं पाणी ओतत. नळी आतून कशी आहे, याचा फोटो ग्रुपवर आला नाही. वार्निशचे पाच आले. कारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, हे तुझ्या आईलाही कळवून ठेवलं आहे.

असो. इतकं रागावण्याचं खरं कारण वेगळंच आहे, ते मी अजून भाच्याला सांगितलेलं नाही.

'आधी'चा फोटो मी नातवाकडून मोठा करून घेतला. दस्त्याच्या डाव्या अंगाला, मळाच्या थराखाली, तिरक्या उन्हात काहीतरी कोरलेलं दिसलं. चाकूच्या टोकाने ओढलेली तीन अक्षरं. देवनागरी. भाच्याला वाटलं ते ओरखडे. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला दोष तरी काय द्यायचा? पण मी पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. पहिलं अक्षर 'ल', आणि तो पाकळीचा 'ल'. हिंदी मुलूखातला पोरगा 'ल' असा काढत नाही. हा आपल्याकडच्या शाळेत गिरवून घेतात तो, २००९ च्या शासन निर्णयाने पुन्हा बजावून सांगितलेला. म्हणजे कोणी मराठा पलटणीतला जवान असेल, नाहीतर पोलीस, नाहीतर माझ्यासारख्याच कोणा मास्तराची नजर चुकवून चाकू चालवणारा कॅडेट.

दुसरं अक्षर 'द' असावं. तिसरं कितीही मोठं केलं तरी लागत नाही, 'म' म्हणावं तर 'भ' वाटतो. समोर रायफल असती तर बोट फिरवून सांगितलं असतं. 'नंतर'च्या फोटोत त्या जागी खिडकीचं प्रतिबिंब पडलं आहे.